नाव नसलेला सण

शाळांच्या कार्यक्रमांची निवेदने लिहून देणे हा मराठीच्या अधिव्याख्यात्यांचा एक अघोषित जोडधंदा आहे. त्याचे मानधन म्हणजे नारळ, शाल आणि अध्यक्षीय भाषणातला एक ओझरता उल्लेख. आम्ही दोघेही रायगड जिल्ह्यातल्या महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि हा धंदा आम्ही वीसेक वर्षे इमानाने केला आहे. त्यामुळे २०२३ च्या नोव्हेंबरात जवळच्या एका माध्यमिक शाळेने 'दिवे सर्व धर्मांचे' या कार्यक्रमाचे निवेदन मागितले तेव्हा आम्ही ते एका संध्याकाळीच लिहून दिले. दिवाळीची पणती, नाताळची मेणबत्ती, विहारातला दीप असे सगळे ओळीने घेतले. त्या शाळेत सातवीला बेने इस्राएल घरातला एक मुलगा होता, म्हणून ज्यू धर्मीयांचा हनुक्काही घेतला. त्यावर चार वाक्ये लिहिली. पहिले वाक्य होते : 'हनुक्का म्हणजे ज्यू बांधवांची दिवाळी.'

चार दिवसांनी त्या मुलाचे आजोबा निवेदनाचा कागद घेऊन आमच्याकडे आले. चहा झाला, पावसाचे आणि भाताचे बोलणे झाले, मग त्यांनी कागद उलगडला. म्हणाले, "सर, मॅडम, राग मानू नका. दिवाळी आमच्या घरी दिवाळीलाच होते. शेजारून फराळ येतो, आम्ही खातो. ही दिवाळी नव्हे. आणि खरे सांगायचे तर माझ्या पणजीच्या तोंडी या सणाला नावच नव्हते."

हे शेवटचे वाक्य आम्हाला त्या दिवशी नीट कळले नाही. नंतर वाचत गेलो तसे कळत गेले, आणि आमच्या चार वाक्यांची लाज वाटू लागली. हा लेख त्या लाजेतून लिहिलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. पुढे ही माणसे कोकणातल्या गावागावांत पसरली आणि त्या गावांनीच त्यांना आडनावे दिली : पेणकर, किहीमकर, दिवेकर, राजपूरकर. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. धर्मग्रंथ हाताशी नव्हते, हिब्रू विसरली होती. टिकून राहिले ते इतकेच : शब्बाथ, सुंता, खवले आणि पर असलेलीच मासळी खाण्याचा नेम, 'शमा' प्रार्थना आणि काही सण व उपास. या सणांना मराठी नावे होती. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. मग खिरीचा सण. ज्या दिवशी दारे लावून उपास करायचा तो दरफाळणीचा सण. मंदिराच्या विनाशाचा शोकदिन तो बिरड्याचा रोजा, कारण त्या दिवशी भाताबरोबर वालाचे बिरडे. ज्या समाजाने यरुशलेमच्या विनाशाचे दुःख वालाच्या बिरड्यात साठवून ठेवले, तो समाज या मातीत किती खोल गेला असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

या यादीत हनुक्का नाही.

हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहिला. तो छापला गेला चाळीस वर्षांनी, १९३७ साली, तेल अवीवमध्ये. या अनुपस्थितीचा केहीमकरांनी मोठा अर्थ लावला. हनुक्का ज्या घटनेची आठवण आहे ती इसवी सनापूर्वी १६४ ची. ती घडण्याआधीच आपले पूर्वज तो देश सोडून निघाले असले पाहिजेत, इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास, म्हणून त्यांना हा सण ठाऊक नाही, असा तो युक्तिवाद. आम्हाला तो मोहक वाटतो आणि कच्चाही वाटतो. ठाऊक नसणे आणि विसरून जाणे यांत बाहेरून पाहणाऱ्याला काही फरक दिसत नाही. पण ते असो. मुद्दा असा की, तेलाचा घाणा चालवणाऱ्या या माणसांना तेलाच्या चमत्काराचा सण माहीत नव्हता. तो त्यांना नंतर शिकवला गेला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी त्यांना विस्मरणात गेलेले विधी शिकवले. मिशनऱ्यांच्या शाळांनी बायबल आणि हिब्रू शिकवले. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण १८३२ साली छापले. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाच्या विधीचे पुस्तक हिब्रू-मराठीत निघाले. १८७५ साली केहीमकरांनी स्वतः मुंबईत शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. म्हणजे जे सण आजीकडून आले त्यांना मराठी नाव आहे. जो शिक्षकाकडून आणि पुस्तकातून आला तो आपले हिब्रू नाव घेऊनच आला. आजोबांच्या पणजीच्या तोंडी नाव नव्हते याचा अर्थ हा. आणि त्याला 'ज्यूंची दिवाळी' म्हणून आम्ही एका झटक्यात नाव देऊन टाकले होते.

आता कोणी म्हणेल, एवढे काय बिघडले? मुलांना अज्ञात गोष्ट ज्ञात गोष्टीच्या आधारानेच समजावून द्यावी लागते. हे शिक्षणशास्त्रातले पहिले सूत्र आम्हीही डी.एड.च्या मुलांना सांगतो. दिवे आहेत, तळलेले पदार्थ आहेत, आणि साम्य शोधायचेच तर पंचांगातही आहे. ज्यू महिना आपल्या अमान्त महिन्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो. हनुक्का किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला लागतो, म्हणजे आपल्याकडे कार्तिक किंवा मार्गशीर्ष वद्य दशमीच्या आसपास. कार्तिकात आला की तिकडे आळंदीची वारी भरत असते. आठ दिवसांच्या मधोमध अमावास्या येते, दिवाळीत येते तशीच. हे साम्य खरे आहे आणि सुंदर आहे. पण दिव्याखाली काय आहे हे पाहिल्याशिवाय साम्य सांगू नये, असे आता आम्हाला वाटते.

दिव्याखाली एक शाळा आहे. सिल्यूकिड राजा चौथा अँटिओकस गादीवर आला त्या काळात यरुशलेममध्ये जेसन नावाच्या महायाजकाने ग्रीक पद्धतीचे जिम्नॅशियम उभारले. जिम्नॅशियम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. तरुणांना ग्रीक नागरिक म्हणून घडवण्याची ती संस्था. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात तक्रार आहे की, याजकसुद्धा वेदीवरचे काम टाकून कुस्तीच्या मैदानाकडे धावू लागले. पुढे राजाने मंदिर भ्रष्ट केले, शब्बाथ आणि सुंता यांवर बंदी आणली. मोदिईन गावच्या मत्तथ्या या याजकाने आणि त्याच्या मुलांनी बंड केले. या बंडातला पहिला बळी ग्रीक सैनिक नव्हता. राजाज्ञेप्रमाणे बळी अर्पण करायला पुढे आलेल्या एका ज्यूलाच मत्तथ्याने वेदीजवळ मारले, त्याच्या पाठोपाठ राजाच्या अधिकाऱ्यालाही. पुढे त्याचा मुलगा यहूदा याने मंदिर परत मिळवले, शुद्ध केले, दिवे लावले. हनुक्का म्हणजे ते पुनःसमर्पण. एका दिवसाचे तेल आठ दिवस पुरले ही गोष्ट मक्काबींच्या ग्रंथांत नाहीच. ती कित्येक शतकांनंतर तालमूदमध्ये येते. मक्काबींचे ग्रंथ तर हिब्रू बायबलमध्येही समाविष्ट नाहीत. तलवारीची कथा मागे राहिली आणि तेलाची पुढे आली, हे ज्यू परंपरेने स्वतःच केलेले संपादन आहे. ते का केले असावे यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात इथे शिरत नाही.

शाळेत हा सण साजरा करताना या कथेतले काय सांगायचे? सर्वांसारखे होण्याचे जो आमंत्रण देतो त्याला नकार, हा या सणाचा गाभा आहे. आणि शाळा तो साजरा करताना नेमके उलट सांगते : पाहा, हेही आपल्यासारखेच!

याची सर्वांत मोठी प्रयोगशाळा अमेरिका आहे. ज्यू धर्माच्या हिशेबात हनुक्का लहान सण. त्या दिवसांत कामधंदा बंद ठेवण्याची आज्ञा नाही. पण तो डिसेंबरात येतो. समोर नाताळ, दुकाने आणि मुलांचे हट्ट. विसाव्या शतकात तो तिथे मोठा झाला, भेटवस्तूंचा झाला, आणि शाळेच्या हिवाळी कार्यक्रमात नाताळच्या दहा गाण्यांनंतर हनुक्काचे एक, असा त्याचा वाटा ठरला. सरकारी शाळेत उपासना म्हणून बायबलवाचन चालणार नाही, मात्र धर्माविषयी अभ्यास म्हणून शिकवता येईल, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ सालीच सांगितले होते. १९८९ चा पिट्सबर्गचा खटला अधिक बोलका आहे. जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत मांडलेला येशूजन्माचा देखावा घटनाबाह्य ठरला. दुसऱ्या सरकारी इमारतीपुढचा १८ फुटी ज्यू दीपवृक्ष मात्र चालला. का? तर तो ४५ फुटी ख्रिसमस वृक्षाशेजारी उभा होता, आणि दोन्ही मिळून हिवाळी सणांच्या हंगामाचे दर्शन घडवत होते. दिवा राहिला, पण झाडाच्या सावलीत राहिला म्हणून राहिला. शाळांतले तेच. वर्गातल्या एकुलत्या ज्यू मुलाला दर डिसेंबरात उभे करून 'तुमचा सण सांग' म्हटले जाते. न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना हे ओळखीचे वाटते, कारण त्यांच्या मुलांना दिवाळीच्या आठवड्यात तसेच उभे राहावे लागते. न्यूयॉर्क शहराच्या शाळांना दिवाळीची सुट्टी देण्याचा निर्णय २०२३ साली झाला. तिकडच्या मराठी मंडळींना आनंद झाला, तो रास्तच होता. पण 'हिंदूंचा ख्रिसमस' हे शब्द त्यांच्यातल्या एकीने मुलीच्या वहीत वाचले तेव्हा तिला जे वाटले तेच आजोबांना आमचा कागद वाचून वाटले असणार.

अमेरिकेवर टीका करून थांबणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज या गावी डिसेंबर १९९३ मध्ये एका लहान मुलाच्या खोलीच्या खिडकीवर, तिथे हनुक्काचे चित्र लावले होते म्हणून, कोणी दगड फेकला. काच फुटली. त्यानंतर गावाच्या वर्तमानपत्राने दीपवृक्षाचे पानभर चित्र छापले आणि हजारो ख्रिस्ती घरांच्या खिडक्यांत ते लागले. तिथे कोणी 'तुमचा सण आमच्यासारखा आहे' असे म्हटले नाही. तुमची खिडकी ती आमची खिडकी, एवढेच म्हटले. साम्य आणि सोबत यांतला हा फरक आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. विशेष म्हणजे तालमूदमध्ये दिवा कुठे ठेवावा याचा नियमच आहे : दाराबाहेर, वरच्या मजल्यावर राहत असाल तर रस्त्याकडच्या खिडकीत, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. आणि धोक्याच्या काळात? धोक्याच्या काळात मेजावर ठेवला तरी पुरे.

पुन्हा आमच्या शाळेकडे येतो. २०२३ चा डिसेंबर म्हणजे गाझातले युद्ध रोज दूरदर्शनवर दिसण्याचे दिवस. सातवीच्या वर्गात त्या मुलाला कोणीतरी 'तू कोणाच्या बाजूने?' असे विचारल्याचे वर्गशिक्षिकेने आम्हाला सांगितले. ज्याचे आडनाव कोकणातल्या गावाचे, ज्याच्या घरी एलियाहू हन्नबीचा मलिदा होतो, त्या बारा वर्षांच्या पोराने त्या युद्धाचा वकील का व्हावे? आम्ही घाबरलो, हे कबूल करतो. शहाणपणाचा आव आणून आम्ही मुख्याध्यापकांना सुचवले की, हनुक्काचा भाग ठेवावा पण तो दुसऱ्या एखाद्या मुलाने सादर करावा, म्हणजे याच्यावर ताण येणार नाही. मुलाला हे कळले तेव्हा तो आजोबांना घेऊन आला नाही, एकटा आला. म्हणाला, "दिवा आमच्या घरचा आहे. दुसरा कोणी कसा दाखवेल?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. आमच्या विचारात खोट होती ती इथे. मुलाला जबरदस्तीने प्रतिनिधी करणे चूक, हे आम्हाला दिसत होते. त्याच्या भल्यासाठी म्हणून त्याला अदृश्य करणे त्याहून मोठी चूक आहे, हे दिसले नव्हते. अल्पसंख्याकांच्या बाबतीत उदार माणसांच्या हातून हीच चूक सर्वांत सहज होते, असा आता आमचा समज आहे.

आणखी एक अडचण आजोबांनी पुढे ठेवली, ती फारच साधी होती. हनुक्काचा दिवा सूर्यास्तानंतर लावायचा असतो. आमच्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, शाळा त्याआधी सुटते. म्हणजे शाळेत तो सण साजरा होऊच शकत नाही! तो घरचा सण आहे, घराच्या दाराचा आणि खिडकीचा. शाळेत त्याचा पाठ होऊ शकतो. आम्हाला या एका गोष्टीने मोठाच दिलासा दिला. कोणाच्याही सणाविषयी शाळेची मर्यादा कुठे आहे हे घड्याळच सांगत होते.

मग सोमवारी, ११ डिसेंबरला, दुपारी चार वाजता, रंगमंचावर न होता सातवीच्या वर्गातच तो पाठ झाला. निवेदन नव्हते. बाकीचे दिवे वेगळ्या दिवशी झाले, त्यांचे ठीकच झाले. आजोबांनी कापडी पिशवीतून पितळी दीपवृक्ष काढला : आठ वाट्या ओळीने, नववी जराशी उंच. खोबरेलाची बाटली वेगळी आणली होती. मुलगा बोलत होता, आजोबा गरज पडेल तिथेच बोलत. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असे आठव्या रात्रीपर्यंत वाढवत न्यायचे, हे त्याने सांगितले. मग आजोबांनी एक जुना वाद सांगितला. शम्माई या गुरूच्या पंथाचे म्हणणे होते की, पहिल्या रात्री आठ लावावेत आणि रोज एक कमी करावा. हिल्लेलच्या पंथाचे म्हणणे उलट. त्यांनी मुलांना विचारले, तुम्ही कोणाच्या बाजूचे? 'कोणाच्या बाजूने' हा प्रश्न त्या वर्गात दुसऱ्यांदा आला आणि या वेळी सगळे हात वर झाले. पुष्कळ मुले शम्माईची निघाली. एक मुलगी म्हणाली, तेल रोज कमीच होणार ना, मग दिवे पण कमीच व्हायला हवेत. आजोबांना हे पटल्यासारखे वाटले. तरी घरी आपण हिल्लेलचेच ऐकतो, म्हणाले.

भोवराही आला होता, चार बाजूंचा, प्रत्येक बाजूवर एक हिब्रू अक्षर. 'मोठा चमत्कार तिथे झाला' या वाक्यातल्या शब्दांची ती पहिली अक्षरे. इस्राएलमध्ये विकल्या जाणाऱ्या भोवऱ्यावर शेवटचे अक्षर वेगळे असते, कारण तिथे 'तिथे'च्या जागी 'इथे' म्हणतात. मुलाची मावशी लोदला स्थायिक झाली आहे, तिने पाठवलेला भोवरा 'इथे'चा होता. आजोबांच्या पिशवीतला जुना, घासलेला, 'तिथे'चा. मुलांनी दोन्ही फिरवून पाहिले. कोणता जास्त वेळ फिरतो यावर बरीच चर्चा झाली, अक्षरांवर झाली नाही.

आमच्यापैकी एकीने विचारले, या दिव्याच्या उजेडात मुले अभ्यास करतात का? आम्ही पडलो शिक्षक. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठे झालेल्या थोर पुरुषांचे धडे शिकवण्यात आमची हयात गेली. आजोबा हसले. म्हणाले, "नाही, तेवढे चालत नाही. हे आठ दिवे वापरायचे नसतात. त्यांच्या उजेडात वाचायचे नाही, शिवायचे नाही, पैसे मोजायचे नाहीत. नुसते बघायचे. म्हणून हा नववा. त्याला शमाश म्हणतात, म्हणजे सेवक. वाचायचेच असेल तर याच्या उजेडात."

ही गोष्ट आमच्या चार वाक्यांत कुठेही बसली नसती. दिवाळीच्या उपमेतूनही ती कधी हाती लागली नसती.

भूमिकेची तीव्रता जरा सौम्य करावी असे काही सहकारी म्हणतात. मुलांना आधी आनंद द्यावा, इतिहास मोठेपणी कळतोच. यात तथ्य आहे. पहिली-दुसरीच्या मुलांपुढे मत्तथ्याची तलवार कोणी काढू नये, आम्हीही सातवीत ती म्यानातच ठेवली. पण मोठेपणी कळतोच, हे मात्र आम्हाला मान्य नाही. आम्ही दोघे मराठी घेऊन एम.ए. झालो, जिल्ह्यातच वाढलो, नवगावावरून शेकडो वेळा गेलो, आणि बेने इस्राएलांच्या सणांची मराठी नावे आम्हाला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळली. आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात ती नव्हती. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हाही आम्ही ती बातमी चाळून पुढे गेलो होतो. मुंबईतल्या ज्यू शाळांत आज बहुतेक मुले मुस्लिम आहेत हेही आम्हाला याच निमित्ताने समजले. त्या शाळांतल्या शिक्षकांनी या विषयावर लिहावे, त्यांच्याकडे आमच्यापेक्षा सांगण्यासारखे अधिक असेल.

त्या दिवशी पावणेपाचला आजोबांनी वाट्या पुसल्या, बाटलीचे बूच घट्ट केले आणि दीपवृक्ष पुन्हा पिशवीत गेला. दोन मुलांनी विचारले, लावून नाही का दाखवणार? अजून ऊन आहे, आजोबा म्हणाले, आज पाच लावायचे आहेत, बघायचे तर घरी या, सव्वासहानंतर. सात-आठ मुले गेली असे दुसऱ्या दिवशी कळले. दिवा त्यांनी खिडकीत ठेवला होता की मेजावर, हे विचारायचे आमच्याकडून राहून गेले.